तपासणी वेगळी, टोचणी वेगळी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागला, बशीतला चहा सांडू लागला, गोठ्याची कडी लावली की नाही हे आठवेनासे झाले, की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य ऐकू येते: 'साठी बुद्धी नाठी.' हे एकदा बोलून झाले म्हणजे जणू निदानही झाले आणि उपचारही झाला! मग आजोबा ओसरीवरच्या कोपऱ्यात बसतात आणि घरची माणसे भाताच्या, उसाच्या कामाला लागतात. वास्तविक हे पुष्कळदा नुसते म्हातारपण नसते. मेंदूतील पेशी हळूहळू झिजवत नेणारा तो रोग असतो. हातापायांची थरथर, अंगाचा ताठरपणा आणि मंदावलेली हालचाल ही कंपवाताची लक्षणे होत. आठवण, समज आणि दिशाभान जाऊ लागणे याला स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अल्झायमरच्या रोगाचा असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा सुमारे ८८ लाख होतो.

या रोगांच्या संदर्भात अलीकडे एक नवा शब्द कानावर पडू लागला आहे. तो शब्द म्हणजे 'एक्झोसोम'. वर्तमानपत्रातील बातम्यांत तो येतो, तसाच काही खाजगी दवाखान्यांच्या जाहिरातींतही येतो. बातमी सांगते की रक्तातील या अतिसूक्ष्म कणांवरून मेंदूचा रोग ओळखता येईल. जाहिरात सांगते की याच कणांचे इंजेक्शन घ्या आणि रोग पळवून लावा. नाव एकच, पण गोष्टी दोन आहेत. पहिली तपासणी आहे आणि दुसरी टोचणी. पहिलीच्या पाठीमागे चाळीस वर्षांचे धीराचे काम उभे आहे. दुसरीच्या पाठीमागे, निदान या रोगांपुरता, आज भरवशाचा पुरावा नाही. या दोहोंची गल्लत झाली तर शेतकऱ्याच्या घरातील जमीन आणि सोने जाईल आणि रोगी जिथल्या तिथे राहील. म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे.

हे कण आहेत तरी काय? आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी आपल्याभोवतालच्या पातळ पडद्याच्या लहान लहान पुड्या बांधून बाहेर सोडत असते. त्या इतक्या लहान, की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले तीस ते दीडशे भाग एवढाच एका पुडीचा व्यास भरेल. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसत नाहीत. रक्त, लाळ, लघवी, अश्रू या सर्वांत त्या असतात. गाईम्हशींच्या दुधातही असतात.

त्यांचा शोध लागला तो मेंढीच्या रक्तात. १९८३ साली कॅनडातील माँट्रियल येथे रोझ जॉन्स्टन या विदुषी आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करीत होते. वाढत्या पेशीला लोह आत ओढून घेण्यासाठी एका प्रथिनाची गरज असते. पेशी पक्व झाली की ते नकोसे होते, आणि मग पेशी ते पुडीत बांधून बाहेर टाकते असे त्यांना दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांना उंदराच्या रक्तात हेच आढळले. १९८७ साली जॉन्स्टन यांच्या लेखातून 'एक्झोसोम' हे नाव रूढ झाले. पुष्कळ काळपर्यंत या पुड्यांना पेशींचा केरकचराच समजत. परंतु १९९६ साली असे दिसून आले की रोगाशी लढणाऱ्या पेशी अशा पुड्यांमार्फत एकमेकींना इशारा देऊ शकतात. २००७ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील संशोधकांनी दाखवले की एका पेशीतील आनुवंशिक मजकूर या पुड्यांतून दुसऱ्या पेशीत पोहोचतो. ज्याला केर म्हणून झाडून टाकत होते, ती टपाल निघाली!

आता मेंदूच्या रोगात या टपालाचे एवढे महत्त्व का, ते पाहू. पोटात गाठ आली तर डॉक्टर तिचा तुकडा काढून तपासतात. मेंदूचे तसे नाही. तो कवटीच्या पेटीत बंद आहे आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा उगाच काढता येत नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासता येते, पण ती सुई दर वर्षी, दर गावी, दर म्हाताऱ्याला लावणे शक्य नाही. आणि कंपवातात हाताला थरथर सुटते, तेव्हा हालचालीची सूत्रे सांभाळणाऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास आधीच मेलेल्या असतात. अल्झायमरच्या रोगातही विसरभोळेपणा दिसण्यापूर्वी कितीतरी वर्षे मेंदूत बिघाड सुरू झालेला असतो. पीक पिवळे पडल्यावर मूळ कुजल्याचे कळावे, तसाच हा प्रकार. मेंदूतून निघालेल्या पुड्यांपैकी काही रक्तात उतरतात, असे संशोधकांना आढळले आहे. त्या उघडून वाचता आल्या तर पीक पिवळे पडण्याआधीच मुळाची बातमी लागेल, अशी ही आशा आहे.

वाचायचे काय असते? कंपवातात 'अल्फा-सिन्युक्लिन' नावाचे प्रथिन घडी बिघडून पेशींत साचते. अल्झायमरच्या रोगात 'अमायलॉइड' आणि 'टाऊ' ही दोन प्रथिने साचतात. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी दाखवले की पेशी अमायलॉइडचा काही अंश या पुड्यांबरोबर बाहेर टाकतात. २०१४ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे कंपवाताच्या रुग्णांच्या रक्तातील अशा कणांत अल्फा-सिन्युक्लिन मोजले गेले. २०१९ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांच्या लाळेतील कणांवर एक लहानसा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२ साली जर्मनीतीलच कील येथे रुग्णांच्या रक्तातील कणांत बिघडलेले अल्फा-सिन्युक्लिन ओळखता आले. हे अभ्यास थोड्या थोड्या माणसांवरचे होते, पण दिशा दाखवणारे होते.

आपल्या आया-बहिणी शितावरून भाताची परीक्षा करतात. संशोधकही तेच करू पाहत आहेत. परंतु येथे एक मोठी अडचण आहे. आपल्या चुलीवर एकच भांडे असते, म्हणून शीत कुठले हा प्रश्न पडत नाही. रक्तात मात्र शंभर भांड्यांतली शिते एकत्र झालेली असतात. काही रक्तपेशींची, काही यकृताची, काही रक्तवाहिन्यांची. मेंदूची त्यांत अगदी थोडी. मेंदूचे शीत ओळखण्यासाठी अनेक प्रयोगशाळा 'एल-वन-कॅम' नावाच्या प्रथिनाची खूण धरून चालत होत्या. ही खूण ज्या पुडीवर, ती मेंदूकडची, असा हिशेब होता. २०२१ साली बॉस्टन येथील डेव्हिड वॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रक्तात आणि पाठीच्या कण्यातील पाण्यात हे प्रथिन मुख्यतः पुड्यांवर नसून सुटेच तरंगत असते. साहजिकच आधीच्या कित्येक निष्कर्षांबद्दल शंका उभी राहिली आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही. आमच्या मते यात निराश होण्यासारखे काही नाही. आपलेच माप पुन्हा तपासून पाहणारा आणि ते खोटे निघाले तर तसे जाहीर सांगणारा व्यापारी बाजारात क्वचित भेटतो. शास्त्रात तो भेटला, हे चांगलेच झाले.

तेव्हा या कणांची तपासणी अजून गावच्या दवाखान्यात येण्याजोगी झालेली नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरसंबंधीच्या एका रक्ततपासणीला प्रथमच मंजुरी दिली. पण ती या पुड्यांची नाही. रक्तात सुट्या असलेल्या टाऊ आणि अमायलॉइड प्रथिनांचे प्रमाण ती मोजते. शिवाय ती ५५ वर्षांपुढील आणि लक्षणे दिसू लागलेल्या माणसांसाठीच आहे. निरोगी माणसाने हौसेने करून घ्यावी अशी ती नव्हे.

कणांची तपासणी उपचाराला कशी मदत करू शकते आणि तिची मर्यादा कोठे येते, हे एका उदाहरणावरून चांगले कळते. अमेरिकेच्या वाळवंटात 'गिला मॉन्स्टर' नावाचा एक विषारी सरडा असतो. त्याच्या लाळेतील एका द्रव्याच्या धर्तीवर 'एक्झेनाटाइड' नावाचे मधुमेहाचे औषध तयार झाले. ते कंपवातालाही उपयोगी पडेल काय, हे लंडनमध्ये पाहिले गेले. २०१७ साली सुमारे साठ रुग्णांवरील प्रयोगात औषध घेतलेल्यांची हालचाल न घेतलेल्यांपेक्षा काहीशी बरी दिसली. मग २०१९ साली त्याच रुग्णांच्या साठवलेल्या रक्तातून मेंदूकडचे म्हणून निवडलेले कण काढून तपासले, तेव्हा औषधाचा परिणाम त्या कणांतही उमटलेला दिसला. आशा वाढली. परंतु २०२५ साली १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल आला, आणि त्यात औषधाचा काहीही लाभ दिसला नाही.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. कणांवरून औषध मेंदूपर्यंत पोचले की नाही याचा अंदाज घेता येऊ लागला, तर पुढे कोणते औषध कोणाला द्यावे हे लवकर ठरेल आणि निरुपयोगी औषधावर वर्षे वाया जाणार नाहीत. हा पहिला धडा. दुसरा असा की कणांत खूण उमटली म्हणजे माणूस बरा झाला असे होत नाही. पाऊस पडल्याची बातमी आली म्हणून विहीर भरत नाही. माणूस बरा झाला की नाही हे माणसाकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि तेही पुष्कळ माणसांकडे, पुष्कळ दिवस.

आता टोचणीकडे वळू. तपासणी करणारे इतके सावध असताना टोचणी विकणारे मात्र बिनधास्त आहेत. नाळेतून, गर्भवेष्टनातून किंवा मूळपेशींतून काढलेले एक्झोसोम म्हणून बाटल्या विकल्या जातात, आणि गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व दुखण्यांवर त्यांचा गुण येतो असे सांगितले जाते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अशी उत्पादने टोचून घेतलेल्या अनेक रुग्णांना गंभीर त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने लोकांसाठी जाहीर इशारा काढला आणि अशा कोणत्याही उत्पादनाला आपली मंजुरी नाही असे स्पष्ट केले. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. या पुड्या बातमी नेतात, तशाच बिघडलेली प्रथिने एका पेशीतून दुसरीत नेऊन रोग पसरवीत असाव्यात, अशी संशोधकांनाही शंका आहे. ज्या पुडीत काय आहे हे वाचायलाच जग अजून शिकत आहे, ती पुडी आपल्या बापाच्या शिरेत सोडायची?

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो मनापासूनचा असेल. 'या रोगांना मुळापासून बरे करणारे औषधच नाही, मग करून पाहायला काय हरकत आहे? डोळ्यांदेखत आई आपले नाव विसरते आहे, मुलाने हातावर हात धरून बसावे काय?' या प्रश्नातील दुःख आम्ही जाणतो, आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख म्हणण्याची आमची छाती नाही. पण हरकत आहे, आणि ती तिहेरी आहे. न तपासलेले द्रव्य शरीरात गेले तर जंतुसंसर्गासारखे नवे दुखणे उद्भवू शकते. पैसा गेला की पुढची आठ-दहा वर्षे ज्या शुश्रूषेला तो लागणार, तिच्यासाठी काही उरत नाही. आणि तिसरी हरकत सर्वांत मोठी: नव्या इंजेक्शनच्या भरवशावर माणसे गुण देणारे जुने औषध बंद करतात. कंपवातावर 'लेव्होडोपा' हे औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ते रोग मुळापासून काढत नाही, पण अडखळणाऱ्या माणसाला पुन्हा चालते करते. ते एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. आपल्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. मात्र त्यात मात्रेचा भरवसा नाही, म्हणून गोळ्यांच्या जोडीला परस्पर तिची पूड घेऊ नये.

दुसरा आक्षेप याच्या उलट्या टोकाचा आहे. 'हे सारे परदेशातल्या प्रयोगशाळांचे खेळ. आम्हा शेतकऱ्यांना त्यांचा काय उपयोग?' हेही आम्हाला मान्य नाही. मेंदूचे मोठे यंत्रचित्र काढायला तालुक्याच्या माणसाला शहर गाठावे लागते आणि एक दिवसाची मजुरी बुडते. लाळेचा किंवा रक्ताचा नमुना मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेता येईल. उद्या ही तपासणी पक्की झाली तर तिचा सर्वांत अधिक फायदा खेड्यातल्या माणसालाच व्हावा. पण त्यासाठी ती आपल्या माणसांवर पारखली गेली पाहिजे. आपला आहार, आपले आजार, आपल्या शिवारात फवारली जाणारी औषधे निराळी आहेत. सरकारी संस्थांना या कामासाठी पैसा मिळावा, आणि प्रामाणिक अभ्यासासाठी कोणी रक्ताचा नमुना मागितला तर समजून घेऊन तो द्यावा, असे आमचे मत आहे.

प्रामाणिक अभ्यास ओळखावा कसा? चार प्रश्न विचारावेत. नव्या औषधाचा प्रयोग असेल तर तो भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदलेला आहे काय आणि त्याचा क्रमांक कोणता? ही नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे. नीतिसमितीची परवानगी आहे काय? संमतिपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत लेखी दिले आहे काय? आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे मागतात काय? खऱ्या प्रयोगात रुग्णाकडून औषधाची किंमत घेत नाहीत. 'प्रयोगही आहे आणि दोन लाखही भरा' असे कोणी म्हणाला, तर उठून घरी यावे.

राहिला प्रश्न आज काय करावे याचा. वास येईनासा होणे, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे, अक्षर बारीक होत जाणे, एका हाताची थरथर, पाय घासत चालणे. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावे. तेच तेच विचारणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे हेही दाखवावे. प्रत्येक विसरणे असाध्य नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची खिन्नता किंवा एखाद्या गोळीचा परिणाम यांमुळेही माणूस विसरतो, आणि हे प्रकार उपचाराने सुधारू शकतात. ते नुसत्या 'साठी बुद्धी नाठी'ने हातचे जाऊ देणे हा आपल्याच माणसावर अन्याय आहे. जवळच्या डॉक्टरांनी सांगितले तर पुढे बंगळूरची निम्हान्स किंवा गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय येथील मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू आणि कमी ऐकू येणे यांकडेही लक्ष द्यावे, कारण स्मृतिभ्रंशाला पुढे ढकलण्याचे मार्ग त्यांतूनच जातात.

फवारणी करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. अमेरिकेतील फवारणी करणाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात 'पॅराक्वॅट' हे तणनाशक किंवा 'रोटेनोन' हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवात सुमारे अडीचपट आढळला. त्याच लोकांच्या २०१५ सालच्या अभ्यासात नियमित हातमोजे वापरणाऱ्यांत पॅराक्वॅटशी असा संबंध दिसला नाही. एका इंजेक्शनसाठी लाखांचा सौदा करण्यापेक्षा हातमोज्यांची जोडी आज विकत घ्यावी.

आणि एक सूचना. आपल्या गावच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर पाहतात, तशी साठीपुढच्या माणसांची आठवण आणि चालही पाहावी. चार सोपे प्रश्न आणि दहा पावलांची चाल, एवढ्यानेही कितीतरी घरांत वेळीच जाग येईल.

या सूक्ष्म पुड्या उद्या काय सांगतील ते सांगोत. त्या वाचायला शिकणाऱ्यांना वेळ द्यावा, पैसा द्यावा आणि आपला विश्वासही द्यावा. विकायला बसलेल्यांना मात्र जमिनीचा सात-बारा दाखवू नये. तपासणी वेगळी आणि टोचणी वेगळी, एवढे प्रत्येक घरात पक्के झाले, तरी पुष्कळ झाले.